यादीतलं गाणं आणि यादीबाहेरचं गाणं

गेल्या खेपेचं व्याख्यान जड झालं अशी तक्रार आमच्या कानावर आली. तक्रार रास्त आहे. म्हणून आज एका कागदाबद्दल बोलायचं ठरवलं आहे. कागद साधा असतो, बहुतेक वेळा चुरगळलेला असतो, त्यावर बुटांचे ठसेही असतात. तरी तो मिळावा म्हणून माणसं कार्यक्रम संपल्यावर तासभर ताटकळत उभी राहतात.

सुरुवात घरातून करू. २०१७ च्या जुलैत आम्ही न्यू जर्सीला मुलीकडे होतो. आमचे जावई 'फिश' नावाच्या एका अमेरिकन बँडचे भक्त आहेत. चाहता म्हणत नाही, भक्तच म्हणतो, कारण सगळी लक्षणं तीच आहेत. हा बँड १९८३ मध्ये व्हर्मांटमध्ये सुरू झाला. त्या उन्हाळ्यात त्यांनी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये २१ जुलै ते ६ ऑगस्ट या काळात तेरा रात्री कार्यक्रम केले. जावई त्यातल्या दोन रात्री प्रत्यक्ष गेले. उरलेल्या रात्री ते जेवणाच्या टेबलापाशी फोन समोर ठेवून बसत. तिकडे गाणं सुरू झालं की तिथला कुणीतरी त्याचं नाव टाकायचा, आणि इकडे आमचे जावई "क्या बात है!" म्हणून मांडीवर थाप मारायचे. आम्ही विचारलं, "काय ऐकताय?" ते म्हणाले, "ऐकत नाहीये बाबा, वाचतोय."

आम्हाला हसू आलं. हे म्हणजे लग्नाच्या जेवणावळीतले पदार्थ नुसते ऐकून ढेकर देण्यासारखं झालं. पण दहाव्या रात्री हे गृहस्थ कागद-पेन घेऊन बसलेले दिसले. काय वाजून गेलं आणि काय उरलं आहे, याचा हिशेब चालला होता. कारण त्या तेरा रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा वाजलं नाही. एकूण २३७ गाणी, आणि पुनरावृत्ती शून्य. मग आम्ही हसायचं थांबवलं. आमच्या पुण्याच्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यात काय आहे, ते आम्हाला आठवलं होतं. त्याबद्दल शेवटी सांगू.

आधी तो कागद नीट बघू. त्याला सेटलिस्ट म्हणतात. कार्यक्रमात कोणती गाणी कोणत्या क्रमाने वाजवायची, याची ती यादी. अक्षरं मोठी आणि जाड असतात, कारण अर्धवट अंधारात, घाम डोळ्यांत उतरत असताना, उभ्या माणसाला पायाशी पडलेलं वाचायचं असतं. कागद चिकटपट्टीने रंगमंचाच्या जमिनीला चिकटवलेला असतो. गाण्याचं पूर्ण नाव क्वचितच असतं. एखादा शब्द, कधी नुसती आद्याक्षरं. बाहेरच्याला काही कळू नये असा हेतू नसतो, पण कळत नाही खरं. एक प्रत ड्रमरकडे, एक आवाज सांभाळणाऱ्याकडे, एक दिव्यांच्या माणसाकडे आणि एक गिटार लावून देणाऱ्याकडे. या शेवटच्या माणसाचा या यादीवर फार जीव असतो. काही गाण्यांना गिटारच्या तारा वेगळ्या स्वरांत लावलेल्या लागतात. कुठल्या गाण्यानंतर कुठलं वाद्य हातात द्यायचं हे त्याला आधी माहीत नसेल, तर दोन गाण्यांच्या मध्ये टुंग-टुंग सुरू होतं आणि तापलेलं सभागृह थंड पडतं. म्हणून एकाच जुळणीची गाणी शेजारी-शेजारी ठेवतात. आपण भावनेचा क्रम समजतो, तो पुष्कळदा तारांचा क्रम असतो.

आपल्याकडेही हे आहेच. आधीचा राग पंचमाच्या तानपुऱ्यावर गायला आणि पुढे मालकंस घ्यायचा, तर पहिली तार मध्यमावर उतरवावी लागते. संध्याकाळी मारवा घ्यायचा, तर तीच तार निषादाला लावावी लागते. तेवढ्या वेळात श्रोते खोकून घेतात. म्हणजे आपल्या मैफलीत जमिनीला चिकटवलेला कागद नसला, तरी यादी असतेच. ती गवयाच्या डोक्यात असते आणि तिचे थोडे तुकडे तबलजीच्या आणि पेटीवाल्याच्या अंदाजात असतात. शिवाय आपल्या यादीवर घड्याळाची सक्ती आहे. संध्याकाळी सातला भैरव घेता येत नाही. आणि शेवटची ओळ तर छापून ठेवल्यासारखी. भैरवी सुरू झाली की मागच्या रांगेतली मंडळी चपला शोधायला लागतात. कर्नाटक संगीतात हा क्रम आणखी पक्का आहे. अरियकुडी रामानुज अय्यंगार यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कचेरीची जी घडी बसवून दिली, तीत वर्णम् आधी, मग कृती, मध्यावर कार्यक्रमाचा मोठा ऐवज, नंतर हलक्या रचना आणि शेवटी मंगलम्. आज चेन्नईला डिसेंबरात गेलात तर बरेचसे कार्यक्रम याच घडीत चाललेले दिसतील. आणि पुढच्या चार रांगांत मांडीवर छोट्या वह्या घेतलेले आजी-आजोबाही दिसतील. रचना सुरू झाली की राग ओळखायचा, नाव लिहायचं, शेजारच्याच्या वहीत हळूच डोकावून ताळा करायचा. आमच्या जावयांची ही थोरली भावंडंच म्हणायची.

पाश्चात्त्य सेटलिस्टमध्ये खाली एक आडवी रेघ असते आणि रेघेखाली दोन-तीन गाणी असतात. कलाकार नमस्कार करून आत जातात, लोक टाळ्या थांबवत नाहीत, मग कलाकार भारावून बाहेर येतात आणि आणखी दोन गाणी वाजवतात. ते भारावणं दुपारीच लिहून झालेलं असतं. आमच्या पिढीला संगीत नाटकातला वन्स मोअर माहीत आहे. तो प्रकार निराळा. तेच पद पुन्हा, आणि पुन्हा. त्याने यादी पुढे सरकत नाही, जागेवरच अडकते. गंधर्व नाटकं पहाटेपर्यंत चालायची त्याला हेही एक कारण.

आता प्रश्न असा की कलाकाराला हा कागद का लागतो ते कळलं, पण चाहत्याला तो का हवा असतो? त्यावर संगीत तर अजिबात नसतं. स्वरलिपीत निदान स्वर तरी असतात. इथे नुसती नावं.

इसवी सन ४०० च्या सुमारास संत ऑगस्टीनने आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या अकराव्या भागात काळाचा विचार करताना एक उदाहरण घेतलं आहे. मला एक स्तोत्र पाठ आहे, ते मी म्हणायला घेतो. सुरू करण्याआधी सगळं स्तोत्र माझ्या अपेक्षेत असतं. म्हणत जावं तसतसं ते अपेक्षेतून निघून स्मृतीत जमा होतं. शेवटी अपेक्षा रिकामी आणि स्मृती भरलेली. मधे लक्ष नावाची एक अरुंद वाट, तिच्यातून सगळं पलीकडे जातं. सेटलिस्टचा कागद म्हणजे ऑगस्टीनचं हे उदाहरण, फक्त चिकटपट्टी लावलेलं. संध्याकाळी सात वाजता त्यावरची वीस नावं म्हणजे वीस अपेक्षा. रात्री दहा वाजता तीच वीस नावं म्हणजे वीस आठवणी. शाईचा एक ठिपकाही बदललेला नाही.

आपल्या न्याय-वैशेषिकांनी हे आणखी नेमकं सांगितलं आहे, असं आमचं मत आहे. त्यांनी अभाव हा स्वतंत्र पदार्थच मानला. नसणं म्हणजे नुसती पोकळी नव्हे, तेही जाणलं जातं. आणि त्याचे प्रकार केले. वस्तू निर्माण होण्याआधी तिचं जे नसणं, तो प्रागभाव. ती नष्ट झाल्यावरचं नसणं, तो प्रध्वंसाभाव. गंमत अशी की प्रागभावाला आरंभ नाही पण अंत आहे, आणि प्रध्वंसाभावाला आरंभ आहे पण अंत नाही. घडा होण्याआधी तो अनादि काळापासून नव्हता, कुंभाराने केला आणि ते नसणं संपलं. घडा फुटला की जे नसणं सुरू होतं, ते मात्र कधीच संपत नाही. दुसरा घडा करता येईल, पण तो घडा नाही.

कलाकाराची यादी प्रागभावांची असते. हे अजून झालेलं नाही, हे अजून व्हायचं आहे. चाहत्याची यादी प्रध्वंसाभावांची असते. हे होऊन गेलं, आता नाही. कार्यक्रम संपला की कलाकाराच्या लेखी तो कागद रद्दी होतो, आणि त्याच क्षणी चाहत्याच्या लेखी त्याची किंमत सुरू होते. म्हणून तर साफसफाई करणाऱ्याकडे हात पसरून लोक तो मागतात आणि कलाकार हसत देऊन टाकतात. दोघांना तो कागद एकच वाटतो, पण दोघे वेगवेगळ्या वस्तूंबद्दल बोलत असतात.

पण एवढ्याने भागत नाही. होऊन गेलेलं तर सगळंच असतं. परवाच्या दूधवाल्याच्या हिशेबाची यादी कुणी फ्रेम करत नाही. गाण्याच्या यादीत काहीतरी आणखी असलं पाहिजे, आणि ते पाहायला आपल्याला कॅलिफोर्नियात जावं लागेल.

'ग्रेटफुल डेड' हा बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत होता. सुमारे २३०० कार्यक्रम. बहुतेक वेळा ते यादी ठरवून रंगमंचावर येत नसत. जेरी गार्सिया आणि बॉब वीअर हे दोघे मुख्य गाणारे, साधारणपणे आळीपाळीने गाणी घेत, आणि पुढचं काय ते तिथेच ठरायचं. त्यामुळे सलग दोन रात्री गेलात तर दोन वेगळे कार्यक्रम. त्यांनी आणखी एक गोष्ट केली, जी व्यापारी बुद्धीच्या माणसाला वेडेपणाची वाटली असती. श्रोत्यांना ध्वनिमुद्रण करू दिलं. १९८४ पासून तर मायक्रोफोनचे खांब उभे करणाऱ्यांसाठी वेगळी जागाच राखून ठेवली. या कॅसेटी विकायच्या नाहीत, फक्त एकमेकांना द्यायच्या, असा रिवाज होता. प्रत्येक कॅसेटीच्या आतल्या पुठ्ठ्यावर बारीक अक्षरात काय असायचं? यादी. १९८७ मध्ये 'डेडबेस' नावाचं जाडजूड पुस्तक निघालं, त्यात मुख्यतः अशा याद्याच याद्या. कादंबरीसारखं ते पुस्तक वाचणारी माणसं आहेत. आम्ही त्यांची चेष्टा करणार नाही, कारण आम्ही पंचांगं वाचणारी माणसं पाहिली आहेत.

या मंडळींच्या याद्यांत एक खूण असते. दोन गाण्यांच्या नावांमध्ये छोटासा बाण. एक गाणं न थांबता दुसऱ्यात शिरलं, असा त्याचा अर्थ. ८ मे १९७७ रोजी न्यू यॉर्क राज्यातल्या इथाका गावी, कॉर्नेल विद्यापीठाच्या बार्टन हॉलमध्ये या बँडचा जो कार्यक्रम झाला, तो त्यांच्या भक्तांत सर्वांत गाजलेल्या कार्यक्रमांपैकी एक. मे महिन्यात त्या दिवशी तिथे बर्फ पडलं होतं. बेटी कँटर या ध्वनिमुद्रण करणाऱ्या बाईंच्या टेपमुळे तो टिकला आणि पुढे अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याचा समावेश केला. त्या रात्रीच्या दुसऱ्या भागाची यादी 'स्कार्लेट बिगोनियाज', मग बाण, मग 'फायर ऑन द माउंटन' अशी लिहिलेली असते. ही दोन्ही गाणी ते एरवीही वाजवत, पुष्कळदा याच जोडीने. पण जाणकाराला त्या दिवसाचा तो बाण दिसला की त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते त्या दोन नावांमुळे नव्हे. ते त्या बाणामुळे. यादीतला सगळ्यांत संगीतमय भाग म्हणजे जिथे काहीही लिहिलेलं नाही तो.

तेव्हा आमचं म्हणणं थोडक्यात असं: यादीची किंमत तिच्यातल्या गाण्यांवरून ठरत नाही. ती वेगळी असू शकली असती, यावरून ठरते. तेव्हा, तिथे, कुणीतरी निवड केली, आणि निवड करताना दुसरं काहीतरी सोडलं. यादी हा त्या निवडीचा एकमेव लेखी पुरावा असतो.

याला उलट बाजूने तपासून बघता येतं. आजकालच्या प्रचंड स्टेडियममधल्या कार्यक्रमांत दिवे, पडद्यावरची चित्रं, नाच, वर-खाली होणारे मंच हे सगळं संगणकाला आधीच सांगून ठेवलेलं असतं, म्हणून क्रम हलवता येत नाही. टेलर स्विफ्ट या गायिकेचा 'एराज टूर' मार्च २०२३ ते डिसेंबर २०२४ चालला. १४९ कार्यक्रम, प्रत्येक तीन तासांहून मोठा, आणि यादी जवळजवळ तीच. आमच्या म्हणण्याप्रमाणे मग इथे यादीत कुणाला रस असायला नको. पण तिने एक फट ठेवली होती. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात एकटीने गिटारवर आणि पियानोवर दोन गाणी, जी रोज बदलायची. जगभरातल्या पोरी रात्र-रात्र जागून बघत बसायच्या त्या याच दोन ओळी. उरलेल्या चाळीसेक गाण्यांची यादी सगळ्यांना पाठ होती, म्हणून ती कुणी लिहून ठेवत नव्हतं. आमच्या एका विद्यार्थिनीची मुलगी या दोन गाण्यांचा तक्ता भिंतीवर लावून बसली होती, प्रत्येक गावापुढे दोन नावं. परीक्षेचं वेळापत्रक त्या तक्त्याखाली झाकलं गेलं, असं तिची आई सांगत होती.

इथे कुणीतरी आक्षेप घेईल, आणि घ्यायलाच हवा. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केला. महोत्सवाचा शेवट सवाई गंधर्वांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकेने होतो. तेच गाणं, तोच आवाज, दर वर्षी. त्यात निवड कसली? तरी लोक त्यासाठी बसून राहतात, आणि तेवढा वेळ कुणी खुर्ची हलवत नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. तिथे यादी संपते आणि विधी सुरू होतो. देवळातल्या आरत्यांचा क्रम कुणी टिपून घेत नाही, पण तो चुकला तर मात्र सगळ्यांना कळतं. माणसाला दोन्ही लागतं, न बदलणारं आणि बदलणारं. आज आपण दुसऱ्याबद्दल बोलतो आहोत, एवढंच.

आता त्या सोडून दिलेल्या गाण्याकडे येऊ. नैयायिक म्हणतात, अभावाला प्रतियोगी लागतो. नुसतं 'नाही' असं काही नसतं, 'घडा नाही' असं असतं. ज्याचा अभाव, ती वस्तू मनात असावी लागते. ज्याने घडा कधी पाहिलाच नाही, त्याला रिकाम्या जमिनीवर घड्याचा अभाव दिसणार नाही. जमीनच दिसेल. नवखा माणूस सेटलिस्ट वाचतो तेव्हा त्याला काय वाजलं तेवढंच दिसतं. जुन्या चाहत्याला काय वाजलं नाही ते दिसतं, आणि त्याचा बराचसा आनंद आणि जवळजवळ सगळी तक्रार तिथून येते. ग्रेटफुल डेडचं 'डार्क स्टार' हे सुरुवातीच्या वर्षांतलं गाणं, कधी कधी अर्धा तास लांबणारं. पुढे ते दुर्मीळ झालं. जुलै १९८४ नंतर पाच वर्षं वाजलंच नाही. पाच वर्षं त्याचा अभाव लोक प्रत्येक यादीत वाचत होते. मग ९ ऑक्टोबर १९८९ ला व्हर्जिनियातल्या हॅम्प्टन गावी, जिथे बँडने आपलं नाव सरळ न लावता जुन्या नावाच्या आडून जाहिरात केली होती, तिथे त्या गाण्याचे पहिले स्वर वाजले. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण ऐका. गाणं ओळखायला लोकांना दोन-तीन स्वर लागतात, आणि मग जो कल्लोळ होतो तो त्या स्वरांना नाही, पाच वर्षांच्या नसण्याला आहे. त्या दिवशी पहिल्यांदाच आलेल्या एखाद्या पोराला वाटलं असेल, एवढं काय झालं?

कलाकारांनाही हे पक्कं कळतं आणि ते त्याच्याशी खेळतात. फिशने २ सप्टेंबर २०११ ला कोलोरॅडोत वाजवलेलं प्रत्येक गाणं इंग्रजी 'एस' या अक्षराने सुरू होणारं होतं. ऐकणाऱ्याच्या कानाला यातून काहीही मिळत नाही. हा विनोद फक्त यादी लिहिणाऱ्यासाठी आहे. आमच्याकडे कुमार गंधर्वांनी 'गीत वर्षा', 'गीत हेमंत', 'गीत वसंत' असे कार्यक्रम रचले, कबीर, सूरदास आणि मीरा यांची 'त्रिवेणी' केली. तिथे रचनांची निवड आणि क्रम हाच एक मोठा विचार होता. मैफलीतल्या गवयाने 'आता काय घेऊ?' म्हणून इकडेतिकडे पाहायचं, ही पद्धत मोडून कुणीतरी यादीलाच कलाकृती मानलं. आम्हाला दोन्ही आवडतं. पण एकदा एका संस्थेने, नाव नको, पत्रिकेवर रागांची नावं मिनिटांसकट छापली होती. गवईबुवा बिचारे कागदाप्रमाणे गायले. त्या संध्याकाळी अवेळी पाऊस आला होता, पत्र्यावर ताशा वाजत होता, सगळ्या सभागृहाला मल्हार हवा होता. कागदावर पूरिया होता. पूरियाच झाला.

जाता जाता एक व्यवहाराचा प्रश्न. आता फोनवर कालच्या गावची यादी आज दिसते. कार्यक्रमाला जाण्याआधी ती बघावी का? तरुण मंडळी यावरून भांडतात. आमचं उत्तर असं की बघणारा स्वतःचा प्रतियोगी तयार करून जातो, त्याला अपेक्षा असते, म्हणून अभावही दिसतो. न बघणाऱ्याला प्रत्येक गाणं अचानक भेटतं. नुकसान दोघांचंही होतं, फक्त वेगवेगळं. आम्ही स्वतः बघत नाही, पण बघणाऱ्याला कमी रसिक मानायचं कारण नाही. त्याने तिकिटाला पैसे मोजलेत, आणि हल्ली ते काही थोडे नसतात.

आता कपाटातला खालचा कप्पा. सत्तरच्या दशकात आम्ही चार मित्र पुण्यात गाणी ऐकत हिंडायचो. चौघांपैकी एकाकडे वही असायची, दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तो राग, बंदिशीचा मुखडा, ताल, आणि सुरू झाल्याची व संपल्याची वेळ लिहायचा. मध्यंतर झालं की 'चहा' असं लिहून तेही मिनिटांसकट. आम्ही त्याला चिडवायचो, की तू गाणं ऐकायला येतोस की हजेरी घ्यायला. अशा अकरा वह्या झाल्या.

१९७८ च्या फेब्रुवारीतली एक रात्र आमच्या मनात पक्की आहे. गायकाचं नाव मुद्दाम सांगत नाही, नाहीतर प्रश्नोत्तरांचा सगळा वेळ त्यातच जाईल. कौशी कानडा संपला, आणि बसंत सुरू होण्याआधी त्यांनी दहा-बारा मिनिटं सोहनी गायला. छोटा, द्रुत, अंगावर काटा आणणारा. चाळीस वर्षं आम्ही त्या सोहनीबद्दल लोकांना सांगत आलो आहोत. वर्गातही सांगितलं आहे. काही वर्षांपूर्वी वहीवाल्या मित्राने सहज ते पान काढलं. बिहाग. कौशी कानडा, १२.४० ला संपला. बसंत, १.०५ ला सुरू. भैरवी. सोहनी नाही.

आम्ही म्हटलं, तू लिहायचा राहिलास. तो म्हणाला, मी राहत नाही. आम्ही म्हटलं, मग मधल्या पंचवीस मिनिटांत काय झालं? तो म्हणाला, चहा. पण त्या जागी 'चहा' लिहिलेलं नाही, आणि चहा लिहायला तो कधी विसरलेला नाही. तिसऱ्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, मी तेव्हा झोपलो होतो. चौथा आता नाही.

मीमांसकांच्या भाट्ट परंपरेत अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. एखादी गोष्ट मिळत नाही यावरून ती नाही हे कळतं. पण त्याला एक अट आहे. ती गोष्ट असती तर मिळाली असती, अशी योग्यता तिथे हवी. अंधारात घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं सिद्ध होत नाही. तेव्हा प्रश्न असा की त्या पंचवीस मिनिटांत वही उजेडात होती का? सोहनी झाला असता तर लिहिला गेलाच असता का? ज्या वहीत चहासुद्धा राहिला, तिच्यातून एक सोहनी राहू शकतो. आणि ज्या माणसाने चाळीस वर्षं एकच गोष्ट रंगवून सांगितली, त्याच्या आठवणीत एक सोहनी शिरूही शकतो. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं आहे, दुसरी शक्यता नाकारण्याइतके आम्ही धीट नाही.

गेल्या वर्षी मित्राने घर लहान केलं, मुलाकडे राहायला गेला, तेव्हा अकराच्या अकरा वह्या आमच्याकडे पाठवून दिल्या. हल्ली त्याला नावं आठवत नाहीत. फोनवर आम्ही एकेक पान वाचून दाखवतो. राग सांगितला की पुष्कळदा तो पुढची बंदिश गुणगुणतो, लिहिलेली नसली तरी. परवा त्या रात्रीचं पान वाचलं. बिहाग म्हटलं, त्याने मुखडा धरला. कौशी कानडा म्हटलं, तोही धरला. मग आम्ही जरा थांबलो. बसंत म्हणालो नाही, नुसते थांबलो. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता. मग त्याने विचारलं, "चहा झाला का रे?"

वही आज इथे आणली आहे. ज्यांना पान पाहायचं असेल त्यांनी नंतर पुढे यावं, फक्त पानं सैल झाली आहेत, जपून उलटावीत. आता प्रश्न असतील तर घेऊ.